लंडनमधली पोपट-राखण

लंडनच्या बागेत पाखरांसाठी दाण्याचा फीडर टांगताना दाण्याच्या पिशवीवरचं चित्र डोळ्यांपुढे असतं: चिमुकली निळी टिट, लालबुंद छातीचा रॉबिन. प्रत्यक्षात येतात हिरवे पोपट, तेही सहकुटुंब सहपरिवार. आपल्याकडे ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात, तीच ही जात. कंठ फक्त नराला, नासधूस मात्र दोघांची सारखी. १९६९पासून ते इंग्लंडात घरटी करताहेत. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं जोडी सोडली म्हणतात, ती थाप. पिंजऱ्यांतून वेळोवेळी सुटलेल्यांची ही पिलावळ आहे. थंडीनं गारठतील म्हणावं, तर बहुतेकांचं मूळ उत्तर भारत-पाकिस्तानाकडचं. लंडनचा जानेवारी त्यांना काय घाबरवणार?

प्लॅस्टिकचा फीडर आणूच नका. दाण्याचं भोक चोच कुरतडून मोठं करते आणि अख्खी नळी जमिनीवर रिकामी होते; खाली खारी आणि कबुतरं पंगतीला तयारच असतात. तोंडं आणि बैठका धातूच्याच हव्यात. वजनानं बंद होणारा स्प्रिंगचा फीडर महाग, पण तो बेतलेला असतो अर्ध्या किलोच्या खारीसाठी. पोपट भरतो जेमतेम सव्वाशे ग्रॅम. म्हणून स्प्रिंग शंभराच्या आसपास ढिली करायची. मग साळुंकीच्या कुळातले दोन स्टार्लिंग एकदम बसले की दुकान बंद! आणि पोपट बैठकीवर बसतोच कशाला? वरच्या साखळीला उलटा लटकून तो मान खाली घालतो. स्प्रिंगला त्याचा पत्ताही लागत नाही.

उरला पिंजऱ्यातला फीडर. गजांमधली फट चार-पाच सेंटिमीटर हवी, म्हणजे टिट आत शिरते. पण खरी मेख आतल्या नळीत आहे. ती गजांपासून आठ-दहा सेंटिमीटर आत नसेल, तर पोपट बाहेर बसून मान आत घालतो आणि निवांत जेवतो. दुकानदार हे अंतर कधी सांगत नाहीत. मोजपट्टी घेऊनच जावं.

गोफणीची हुक्की आली तरी आवरावी. १९८१च्या कायद्यानं इथल्या रानपाखरांना संरक्षण आहे. २०१०पासून पोपटांपुरती थोडी सवलत आहे, पण ती पिकांच्या नुकसानीसारख्या कारणांसाठी. ‘शेंगदाणे महागलेत’ हे कारण त्यात बसत नाही.

माझं मत विचाराल तर सूर्यफूल, शेंगदाणे बंद करून कारळे घाला. इथे ते नायजर म्हणून मिळतात. फीडर बारीक भोकांचा वेगळा लागतो. पावसात कारळ्यांचा गोळा होऊन बुरशी धरते, म्हणून थोडेच भरा आणि आठवड्याला नळी धुवा. चिमुकले गोल्डफिंच पक्षी खूश होतात. पोपट दोन घास चाखून शेजारी जातात. तिथे अजून सूर्यफूल मिळतं. शेजाऱ्यांना यातलं काही सांगू नका.