हातगाड्या ओढत गेलेले मॉर्मन नेमके किती?

सध्या फिरत असलेला मजकूर असा: 'छळाला कंटाळलेली मॉर्मन कुटुंबं हातगाड्या ओढत दोन हजार किलोमीटर चालली, निर्मनुष्य वाळवंटात उतरली, सीगल पक्ष्यांनी चमत्काराने त्यांचं पीक वाचवलं आणि एकेकाने दहा-दहा बायका करून युटा वसवलं.'

मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, जोसेफ स्मिथ त्याचा संस्थापक. छळ झाला हे खरं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला मारलं आणि १८४६च्या फेब्रुवारीत लोकांनी त्याच राज्यातलं नॉवू हे आपलं गाव सोडायला सुरुवात केली. बाकीचा मजकूर मात्र अर्धवट खरा, अर्धवट खोटा.

हातगाड्यांपासून सुरू करू. १८४७ ते १८६९ या काळात साठ ते सत्तर हजार मॉर्मन खुष्कीच्या वाटेने युटाला गेले. त्यांतले हातगाडीवाले सुमारे ३,०००. तेही फक्त १८५६ ते १८६० या काळात, दहा तांड्यांत. बाकीचे आले ते बैलगाड्यांनी. १८४५ साली नॉवूत पाच माणसांच्या कुटुंबासाठी सामानाची यादी छापली होती: एक भक्कम छपराची गाडी, बैलांच्या तीन जोड्या, दुभत्या गाई, १,००० पौंड पीठ, म्हणजे साधारण साडेचार क्विंटल. चालले मात्र जवळजवळ सगळेच. गाडीला स्प्रिंग नाही आणि बैलांवर ओझं आधीच भरपूर, त्यामुळे गाडीत बसणार ती तान्ही मुलं आणि आजारी माणसं.

हातगाडी आली ती पैशाच्या अडचणीतून. युरोपातून येणाऱ्या गरिबांना गाडी-बैल परवडत नव्हते आणि त्यांना कर्ज देणारा स्थलांतर निधीही खंगला होता. हिशेब असा: पाच माणसांमागे एक गाडी, वीस माणसांमागे एक तंबू, मोठ्या माणसाला १७ पौंड सामान. पाच जणांचं सामान ८५ पौंड. १८५६ मध्ये विली नावाच्या प्रमुखाच्या तांड्यात नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सहून निघताना प्रत्येक गाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं चढलं. भांडीकुंडी सोडूनच हे ८३ किलो झाले.

आता गाडीच बघा. घाईत बांधलेली, लाकूड ओलं. कोरड्या माळरानावर ते आकसलं, आरे खुळखुळू लागले. आख लाकडी आणि तुंबाही लाकडी, त्यात वाळू शिरली की दोन्ही एकमेकांना खात सुटणार. लोकांनी बुटांचं चामडं, डब्यांचा पत्रा कापून आखाला गुंडाळला. वंगण म्हणून साबण आणि खाण्यातली डुकराची चरबी लावली. पण चरबीला वाळू आणखी चिकटते, म्हणजे वंगणाचीच कानस होते. दुरुस्तीत दिवस जायचे, आणि रोजचं पीठ तर माणशी मोजून दिलेलं.

विली आणि मार्टिन यांचे तांडे आयोवा सिटीहून निघाले तेच जुलैच्या मध्यात आणि अखेरीस. फ्लॉरेन्सला विलीच्या तांड्यातल्या लीव्हाय सॅव्हेजने उशीर झाल्याचं बजावलं. बहुमताने ऐकलं नाही. ओझं पेलवेना म्हणून मार्टिनच्या तांड्याने डीअर क्रीकला माणशी सामान १० पौंडांवर आणलं. टाकून दिलेल्यात पांघरुणंही होती, आणि दोनच दिवसांत बर्फ सुरू झालं. दोन्ही तांडे मिळून हजाराच्या आसपास माणसं, मेली दोनशेहून जास्त. त्याच उन्हाळ्यात वेळेवर निघालेले पहिले दोन तांडे २६ सप्टेंबरला सॉल्ट लेकला पोहोचलेही होते. मजकुरातलं चित्र या दोन उशिराच्या तांड्यांचं आहे, आणि ते सगळ्यांच्या गळ्यात बांधलंय. १८६१ पासून युटाहूनच बैलगाड्या मिसूरी नदीपर्यंत जाऊन माणसं आणू लागल्या.

सीगल? १८४८ मध्ये नाकतोडेवजा किडे पिकावर पडले आणि सीगलांनी ते खाल्ले, हे तेव्हाच्या पत्रांत आहे. पण ते पक्षी ग्रेट सॉल्ट लेकचेच रहिवासी. खाल्लेलं ओकून टाकत होते असंही सांगतात, पण ओकतात ती न पचणारी कवचं, तो चमत्काराचा पुरावा नव्हे. पीक कडाक्याच्या थंडीनेही गेलं होतं. पुढच्या हिवाळ्यात सेगो लिली या रानफुलाचे कंद उकरून खायची वेळ आली.

बायकांचं थोडक्यात. बहुपत्नीत्व १८५२ मध्ये जाहीर झालं, १८९० मध्ये अधिकृतपणे थांबलं. बहुतेक पुरुषांना एकच बायको होती, आणि ज्यांना जास्त त्यांतल्याही बहुतेकांना दोन.

'निर्मनुष्य वाळवंट' हे सगळ्यांत खटकणारं. सॉल्ट लेकच्या खोऱ्याच्या उत्तरेला शोशोनी, दक्षिणेला यूट, या मूळ रहिवाशांच्या जमाती. १८४७ मध्ये जमीन कागदोपत्री मेक्सिकोची. आज ऑग्डेन शहर आहे तिथे माइल्स गुडइयर या फासेपारध्या व्यापाऱ्याची गढी होती. मॉर्मनांनी ती १८४७ मध्येच १,९५० डॉलरना विकत घेतली. वाळवंट म्हणावं तर वॉसॅच डोंगरातल्या बर्फाचे ओढे उन्हाळाभर वाहतात. २३ जुलै १८४७ला पहिल्या तुकडीने नांगर घातला तर ढेकळं इतकी टणक की नांगर मोडले. मग सिटी क्रीकला बांध घालून रान भिजवलं आणि नांगरलं. पुढे पाटाची पाळी लावून देणारा माणूस नेमला गेला, अगदी आपल्या पाटकऱ्यासारखा. पण ज्या ओढ्यांच्या तोंडाशी ही वस्ती बसली, तिथेच मूळ रहिवाशांचं खाण्याचं बी-गवत, आणि युटा लेकला त्यांचे मासे. १८४९ मध्ये प्रोव्होला गढी उभी राहिली आणि १८५०च्या फेब्रुवारीत तिथल्या यूटांवर हल्ला झाला.