खुलासा : 'सगळी मुलं तपासली' एवढ्यावर थांबू नका

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'शाळेत आरोग्य तपासणी शंभर टक्के झाली, आता मुलांना वेगळं दाखवायची गरज नाही.' हे खरं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळेत एकदा तपासणीला येतं. ही पहिली चाळणी आहे, निदान नव्हे. दोष आढळला तर मुलाला पुढे रुग्णालयात पाठवतात. तिथले उपचार मोफत असतात, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा.

म्हणून सेवेचा दर्जा तपासलेल्या मुलांच्या आकड्यावर ठरत नाही. पुढे पाठवलेली किती मुलं खरंच पोचली, किती जणांच्या डोळ्यांवर चष्मा चढला, हे विचारायला हवं. माझ्या भाचीच्या वर्गात नजरेचा तक्ता दोन बाकांवरून वाचून घेतला. तो ६ मीटरवरून वाचायचा असतो. कार्डावर 'नजर ठीक' आलं. पोरगी मात्र फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवत होती.

मुलाला रुग्णालयात पाठवल्याची चिठ्ठी मिळाली असेल, तर ती दप्तरात राहू देऊ नका. याच आठवड्यात रुग्णालयात जा.