साहेब, किती बसतंय?

घर अजून पाहिलेलंही नसतं आणि फोन येतो. "साहेब, किती बसतंय?" कधी कर्ज मिळवून देणारा एजंट असतो, कधी विकणाऱ्याचा भाऊ, कधी कर्ज देणाऱ्या संस्थेतलंच कुणीतरी. मी म्हणतो, अहो, पाहणी उद्या आहे. पलीकडून अगदी शांतपणे उत्तर येतं, "पाहणी करा हो निवांत. फक्त एवढ्यात बसवून द्या." आणि पुढे एक आकडा.

'बसवणं' हे क्रियापद सुताराला शोभतं. चौकट थोडी वाकडी असेल तर दार तासून बसवतात. घरांची किंमत काढून द्यायच्या आमच्या धंद्यात दार आधी ठरतं आणि मग भिंत तासली जाते.

वीस-बावीस वर्षं मी मालमत्तांची मूल्यांकनं केली. आता मुख्यतः दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासतो. या कामाच्या दर्जाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, कारण दर्जा म्हटलं की लोक भलतीकडेच बघतात. शुद्धलेखन, फोटो, शिक्का, पानांची संख्या. एकदा माझ्यासमोर मोकळ्या भूखंडाचा रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, 'स्लॅबला गळती आढळली नाही.' खरंच आहे म्हणा, स्लॅबच नव्हता. जुन्या फाइलवर नवा पत्ता चढवताना ते वाक्य पुसायचं राहून गेलं होतं. ऑफिसात आठवडाभर चेष्टा चालली.

पण अशा रिपोर्टची मला भीती वाटत नाही. तो स्वतःच आरडाओरडा करतो. भीती वाटते ती स्वच्छ रिपोर्टची.

असा एक सांगतो. एका फ्लॅटचं मूल्यांकन, व्यवस्थित बांधलेलं, नकाशा जोडलेला, तुलनेसाठी अलीकडचे तीन सौदे. काढलेली किंमत १०० धरली, तर ते तीन सौदे ९८, १०१ आणि १०३ असे येत होते. इतकं गुळगुळीत दिसलं की मला उगाच खाज सुटली. रिपोर्ट करणाऱ्या मुलाला विचारलं, एकूण सौदे किती मिळाले होते? म्हणाला, सात. मग बाकीचे चार? "सर, ते मॅच होत नव्हते." कशाशी मॅच होत नव्हते, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही ताणलं नाही. ते चारही ८४ ते ८९ च्या दरम्यान होते. त्यातला एक तर त्याच इमारतीतला, दोनच मजले खालचा, पाच महिन्यांपूर्वीचा.

त्या रिपोर्टात खोटं एकही वाक्य नव्हतं. तिन्ही सौदे खरे, तारखा खऱ्या, बेरीज-वजाबाकी बरोबर. रिपोर्ट तरीही खोटा होता. तेव्हापासून मी दर्जाची एकच कसोटी लावतो: कुठले सौदे सोडले आणि का सोडले, हे लिहिलंय का? घेतलेले सौदे कुणीही छान मांडतो. सोडलेल्यांचा हिशेब द्यायला मात्र डोकं लागतं, आणि थोडी हिंमतही.

व्यावसायिक मानकं म्हणजे स्टँडर्ड्स नेमकी याचसाठी असतात, असं माझं मत आहे. लोकांना वाटतं, मानक पाळलं की आकडा बरोबर येणार. तशी हमी कुठलंच मानक देत नाही. मानकांचं खरं काम म्हणजे तिऱ्हाइताने फाइल उघडली तर तुम्ही त्या आकड्यापर्यंत कसे चालत गेलात, हे त्याला पावलापावलाने दिसलं पाहिजे. त्यामुळे खोटं बोलणं बंद होत नाही, पण भरपूर मेहनतीचं होतं. मेहनत वाढली की निम्मे लोक खोट्याच्या वाटेला जात नाहीत.

यातलं जवळजवळ प्रत्येक मानक कुठल्या ना कुठल्या पडझडीनंतर आलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९७३-७४ मध्ये मालमत्तेचा बाजार कोसळला, त्यानंतर १९७६ मध्ये तिथल्या चार्टर्ड सर्व्हेयर मंडळींचं 'रेड बुक', म्हणजे मूल्यांकनाच्या मानकांचं पुस्तक, निघालं. अमेरिकेत १९८० च्या दशकात सेव्हिंग्ज अँड लोन, म्हणजे ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या संस्था धडाधड बुडाल्या. फुगवलेल्या मूल्यांकनांवर दिलेली कर्जं हे त्यामागचं एक कारण होतं. मग १९८७ मध्ये मूल्यांकनाची मानकं ठरवणारं अप्रेझल फाउंडेशन स्थापन झालं आणि १९८९ च्या कायद्याने व्हॅल्युअरला, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्याला, परवाना आणि 'युस्पॅप' नावाची मानकं लागू झाली. देशोदेशींच्या पद्धती जुळवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९८१ ची. तिच्या मानकांची ताजी आवृत्ती ३१ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

त्या आंतरराष्ट्रीय मानकातली 'बाजारमूल्य' या शब्दाची व्याख्या एकदा सावकाश वाचण्यासारखी आहे. विकायला राजी असलेला विकणारा, घ्यायला राजी असलेला घेणारा, एकमेकांशी लागाबांधा नाही, मालमत्ता रीतसर बाजारात मांडलेली, दोघंही माहिती घेऊन, शहाणपणाने आणि कुठल्याही सक्तीशिवाय वागणारे. आता यातला एकेक शब्द काढून बघा. 'सक्तीशिवाय' काढला तर सावकाराच्या तगाद्याने विकलेलं घर तुलनेत घुसतं. 'लागाबांधा' काढला तर मामाने भाच्याला दिलेला सौदा घुसतो. आणि 'रीतसर बाजारात मांडलेली' काढलं, तर घराची पाटी लागायच्या आत शेजाऱ्याने उचललेलं घर घुसतं. आम्ही लोक व्याख्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात चिकटवतो. खरं तर सौदे निवडण्याची चाळणीच ती आहे.

तीन-चार गोष्टी मात्र मानकं अगदी स्पष्ट सांगतात. आधी ठरलेला आकडा काढून देण्याच्या अटीवर काम घ्यायचं नाही. आकडा अमुक आला किंवा कर्ज मंजूर झालं तरच फी, असा करार करायचा नाही. ज्या प्रकारच्या मालमत्तेची जाण नाही तिचं काम घेतलं, तर ते आधी सांगायचं आणि जाण मिळवायची. आणि कामाची फाइल जपून ठेवायची; युस्पॅपनुसार किमान ५ वर्षं. या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो फाइल जपण्याचा नियम, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

नियम होते तरी अमेरिकेत २००८ चं आर्थिक संकट घडलंच ना, असं कुणीतरी म्हणणार. बरोबर आहे. अमेरिकेच्या आर्थिक संकट चौकशी आयोगाचा २०११ चा अहवाल आहे. त्यात म्हटलंय की २००० ते २००७ या काळात ११,००० व्हॅल्युअरनी एका अर्जावर सह्या केल्या होत्या. तक्रार ही की कर्ज देणारे आकडा वर न्यायला दबाव आणतात, आणि जो ऐकत नाही त्याला काम देणं बंद करतात. त्याच अहवालात सर्वेक्षणाचे दोन आकडे आहेत: दबाव जाणवला असं सांगणारे २००३ मध्ये ५५ टक्के, २००६ मध्ये ९० टक्के. हे लोक नियम न शिकलेले नव्हते. परवाना होता, मानकं तोंडपाठ होती, पण पुढच्या महिन्याचं काम कुणाच्या हातात होतं, ते बघा.

पुढे २००९ आणि २०१० मध्ये तिथे कर्ज विकणाऱ्या माणसाने थेट व्हॅल्युअर निवडू नये, अशी भिंत घातली गेली. चांगलं झालं. पण त्या भिंतीतून कर्ज देणारा आणि व्हॅल्युअर यांच्या मधल्या, काम वाटून देणाऱ्या व्यवस्थापन कंपन्यांना मोठा धंदा मिळाला. त्यांचा वाटा व्हॅल्युअरच्याच फीतून कापला जातो आणि काम मिळतं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घाईत करणाऱ्याला, ही तिथल्या व्हॅल्युअर लोकांची जुनी तक्रार आहे. ती मला पटते. दबाव कमी करण्याच्या नादात वेळही कमी केला, तर दर्जा कुठून येणार? सोडलेल्या सौद्यांची कारणं लिहायला तासभर लागतो. तेवढ्या फीत तो तास कुणी देत नाही.

बरं, सगळा दोष दबावाचाच, असंही नाही. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात एक प्रयोग केला. मुरलेल्या इस्टेट एजंटांना एकच घर दाखवलं, सोबत घराची सविस्तर माहिती दिली. फरक फक्त विकणाऱ्याने मागितलेल्या किमतीचा. कुणाच्या कागदावर ती जास्त, कुणाच्या कमी. ज्यांना जास्त दाखवली, त्यांनी घराची किंमतही जास्त लावली. गंमत पुढे आहे. आपण त्या मागणीच्या आकड्यावरून गेलो, हे बहुतेकांनी मान्यच केलं नाही. त्यांच्यावर कुणाचा दबाव नव्हता, त्यांना कुणाचा फोनही आला नव्हता.

ते वाचल्यावर मी माझी एक सवय बदलली. मानक सांगतं की चालू सौद्याचा करारनामा बघा आणि त्याचं विश्लेषण करा. बघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण मी तो शेवटी बघतो. आधी सौदे जमवतो, पाहणी करतो, माझी खालची आणि वरची मर्यादा कागदावर लिहून सही-तारीख टाकतो आणि मगच करारनाम्याची घडी उघडतो. आकडा जुळला नाही तर कारण शोधतो. उलट क्रमाने गेलं की कारणं आपोआप सापडतात, तीही सगळी एकाच बाजूची.

तांत्रिक चुकांबद्दल फार लिहीत नाही, पण दोन सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली फेरफाराच्या, म्हणजे तुलनेच्या सौद्याच्या भावात करायच्या वाढ-घटीच्या, दिशेची. तुलनेच्या घराला गॅरेज आहे आणि आपल्या घराला नाही, तर गॅरेजची किंमत तुलनेच्या घराच्या भावातून वजा करायची. आपल्या घराला हातच लावायचा नाही. नवी मुलं हे हमखास उलटं करतात. आणि एखाद्या सौद्यात इकडे-तिकडे मिळून ४० टक्क्यांचे फेरफार करावे लागले, तर तो तुलनेचा सौदा नाहीच. त्याला तुम्ही ओढून आणलंय.

दुसरी भाड्याच्या मालमत्तेची. वर्षाच्या निव्वळ भाड्याला परताव्याच्या दराने भागलं की किंमत येते. भाडं १०० धरा. परताव्याचा दर ८ टक्के घेतला तर किंमत येते १२५०. तोच दर ७ टक्के केला की साधारण १४२९. एका टक्क्याच्या फरकाने किंमत १४ टक्क्यांनी वर. भाडेकरूंची यादी, करार, देखभाल खर्च यांवर रिपोर्टात वीस पानं असतात आणि या एका टक्क्यावर एक ओळ: 'बाजाराची स्थिती लक्षात घेता.' 'बसवून द्या' म्हणणाऱ्यांना ही ओळ बरोबर माहीत असते.

आता दुसरी बाजू. दोन व्हॅल्युअरचे आकडे वेगळे आले की लोक लगेच म्हणतात, एकाने पैसे खाल्ले. असं नसतं. हे मत असतं, वजनकाटा नसतो. इंग्लंडच्या एका न्यायालयाने २०१० मध्ये मूल्यांकन किती चुकलं तर चालेल याचा ढोबळ पट्टा सांगितला होता: साध्या, सारख्या घरांसाठी दोन्ही बाजूंना ५ टक्के, एकमेव प्रकारच्या मालमत्तेसाठी १०, अगदी वेगळी परिस्थिती असेल तर १५. मला हा पट्टा शहाणपणाचा वाटतो. फक्त तो चूक मोजण्यासाठी आहे. आमच्यातले काही जण आधीच १० टक्के वर जाऊन बसतात आणि म्हणतात, मर्यादेतच आहे की! म्हणजे चुकीसाठी ठेवलेली जागा त्यांनी भाड्याने दिली.

संगणक हे सगळं सोडवेल, म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: झिलो या अमेरिकी कंपनीकडे घरांच्या किमतींचा प्रचंड साठा होता. स्वतःच्या संगणकी अंदाजावर घरं विकत घेण्याचा धंदा तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये गुंडाळायचं जाहीर केलं. सारख्या घरांच्या वस्तीत यंत्र झकास चालतं, मीही वापरतो. पण जिन्यातला ओलीचा वास त्याला येत नाही.

हे सगळं इतक्या तावातावाने लिहिण्याआधी मी काल माझीच एक जुनी फाइल काढली. तेव्हा मी नवा होतो, पण तिशीही ओलांडलेली होती, म्हणजे अगदी कोवळा म्हणून माफी मागायची सोय नाही. सहा सौदे जमवलेले, तीन घेतलेले. उरलेल्या तिघांवर पेन्सिलीने काट मारलेली. दोघांपुढे कारण आहे: एक नात्यातला व्यवहार, एक फार जुना. तिसऱ्यापुढे माझ्याच अक्षरात फक्त 'हा नको' लिहिलंय. तिघांत सगळ्यात कमी भावाचा तोच आहे. का नको, ते अर्धा तास आठवत बसलो. आठवलं नाही.