‘पाच मिनिटांत पक्षी समोर’ : एका फिरत्या संदेशाची झडती

छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत, याबद्दलचा एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: ‘६०० मिमीच्या लेन्सशिवाय या पक्ष्यांच्या नादी लागू नका. शटर १/४०००, आयएसओ ४००च्या वर नको. मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज लावा, खूश होऊन पाच मिनिटांत समोर येतो. नाहीच आला तर घरट्यापाशी थांबा. अंगणात यावेत म्हणून पाव टाका.’ यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचीही खपून जातात.

‘६०० मिमी हवीच’

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पक्षी किती मोठा उमटेल, याचा हिशोब सोपा आहे: फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) गुणिले पक्ष्याची लांबी, भागिले अंतर. सूर्यपक्षी साधारण १० सेंमीचा. ६०० मिमीने १२ मीटरवरून टिपला, तर सेन्सरवर ५ मिमी येतो. ३०० मिमी घेऊन ५ मीटरवर बसलात, तर ६ मिमी. म्हणजे निम्म्या लेन्सने पक्षी मोठा मिळाला. शिवाय मधे हवा कमी. ऊन चढल्यावर जमिनीवरून तापलेली हवा उठते आणि लांबच्या फोटोतली पिसं विरघळल्यासारखी दिसतात. तिथे महागडी लेन्सही हात टेकते.

प्रवासात जागा आपल्या हातात नसते, तेव्हा लांब लेन्सचा फायदा होतो, हे मान्य. अंगणात मात्र अंतर आपणच ठरवतो. पसरट भांडं घ्या, पाणी २ ते ५ सेंमी, तळ खडबडीत. गुळगुळीत तळावर पाय घसरतात आणि पक्षी उतरत नाही. भांडं दाट झुडपापासून २-३ मीटरवर ठेवा. त्याहून जवळ ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार लांब ठेवलं तर पक्ष्याला पळायला आडोसा उरत नाही. भांड्याशेजारी एक वाळकी फांदी रोवा. पक्षी आधी तिच्यावर बसून चारी बाजूंना बघतो आणि फोटो खरा तिथेच मिळतो. फांदीमागची पानं ४-५ मीटर दूर असली की पार्श्वभूमी आपोआप धूसर होते.

‘शटर १/४०००, आयएसओ ४००’

शटर म्हणजे प्रकाश किती सेकंद आत येतो तो वेळ, आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला आहे तो आकडा. हे दोन आकडे सकाळच्या सावलीत एकत्र नांदत नाहीत. १/५०० वरून १/४००० वर गेलात की प्रकाश तीन स्टॉप घटतो, म्हणजे तीनदा निम्मा होतो. जो फोटो आयएसओ ४००ला नीट आला असता, त्याला आता ३२०० लागेल. हट्टाने ४००वरच ठेवला, तर फोटो काळा येतो. मग संगणकावर उजळायचा आणि सावलीतले दाणे वर काढायचे. आयएसओ ३२०० वर पुरेसा उजळ घेतलेला फोटो यापेक्षा वाईट तर नसतोच, बऱ्याच कॅमेऱ्यांत चांगला निघतो.

फांदीवर स्वस्थ बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं. शेपटी झटकणाऱ्या, डोकं वळवणाऱ्याला १/१०००. उडत्याला १/२५०० किंवा जास्त, तिथे संदेश बरोबर आहे. लेन्समधली स्थिरता आपला हात सांभाळते, पक्ष्याची हालचाल नाही. तिच्या भरवशावर १/६० वर उतरू नका. दयाळ गाताना नीट पाहा: ओळ संपली की चोच मिटते, मान क्षणभर थांबते. चार-पाच फ्रेमची छोटी माळ त्या थांब्यावर सोडली, तर एखादी हमखास धारदार येते. चोच उघडीच हवी असेल, तर ओळीच्या सुरुवातीला.

फोकसचा छोटा बिंदू डोळ्यावर ठेवा. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी, एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि ६ मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम ७ सेंमी. पक्षी आडवा बसलेला असताना क्लिक केलं तर चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं त्या जाडीत मावतं. पांढुरक्या आभाळासमोरचा बुलबुल काळा ठोकळा होतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ ते +२. दयाळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर ऊन आणि मागे अंधारी झाडी असेल, तर उलट -२/३ किंवा -१.

‘आवाज लावा, खूश होऊन येतो’

खूश होऊन नाही, भांडायला येतो. विणीच्या दिवसांत नराचं गाणं म्हणजे मादीला आमंत्रण आणि दुसऱ्या नराला हद्दीची ताकीद. रेकॉर्डिंग वाजलं की त्याला घरात घुसखोर शिरल्यासारखं वाटतं. तो खाणं सोडून येतो, शेपटी फिस्कारतो, स्पीकरभोवती घिरट्या घालतो. घुसखोर काही सापडत नाही आणि आवाज काही थांबत नाही. हे बहुधा पहाटे चालतं, म्हणजे रात्रभर उपाशी राहिलेल्या जिवाने किडे टिपायचे त्या वेळी. एकाच वाटेवर रोज पाच-सहा जण हाच उद्योग करतात, तेव्हा त्या नराची वीण कशी पार पडणार? कित्येक राखीव जंगलांत यावर बंदी आहे, ती उगाच नाही.

आणि फोटो तरी कसा मिळतो? झुडपाच्या आतून, सतत जागा बदलणारा, पाठमोरा. यापेक्षा सोपी युक्ती आहे. गाणारा नर आपल्या ठरलेल्या तीन-चार फांद्यांवर फिरून फिरून येतो. सूर्योदयानंतर अर्धा तास लांबून नुसतं पाहा, कोणत्या फांद्या ते टिपून ठेवा. त्यातली उघडी आणि ऊन पडणारी निवडा, तो दुसरीकडे गेला की सूर्य पाठीशी घेऊन ७-८ मीटरवर बसा. आता हलू नका. कपड्यांच्या रंगापेक्षा हालचाल पक्ष्याला आधी दिसते, त्यामुळे लष्करी ठिपक्यांचा शर्ट घालून चुळबुळ करणाऱ्याला काही उपयोग नाही.

मर्लिनसारख्या ॲपने आवाज ऐकून पक्षी ओळखणं यात येत नाही. तिथे मोबाइल ऐकतो, वाजवत नाही. फक्त त्याचं उत्तर अंतिम मानू नका. भृंगराज आणि हरेवा दुसऱ्यांच्या इतक्या बेमालूम नकला करतात, की यादीत नसलेल्या पाहुण्यांची भर पडते. डोळ्याने पाहिल्याशिवाय नोंद नको.

‘घरट्यापाशी थांबा’

थांबू नका. चोचीत अळी धरून पक्षी फांदीवर ताटकळतोय आणि एकाच सुरात टिकटिक करतोय, याचा अर्थ तुम्ही वाटेत आहात. लगेच मागे व्हा. फोटोसाठी बाजूला केलेली पानं पिल्लांची सावली असते आणि आडोसाही. कावळ्याला तेवढी फट पुरते. उडायच्या बेतातली पिल्लं तर घाबरून वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात. घरट्याचा फोटो चुकून आलाच असेल, तर तो पाठवण्याआधी मोबाइलने चिकटवलेलं ठिकाण काढून टाका.

‘पाव टाका’

पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. खारवलेलं काही नको, दूधही नको, ते पक्ष्यांना पचत नाही. पाव टाकल्यावर आधी कावळे आणि उंदीर येतात; शिंपी आणि सूर्यपक्षी पावाकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना किडे आणि फुलांतला मध हवा. फुलझाडं लावा, औषध फवारू नका आणि पाण्याचं भांडं ठेवा. पाणी रोज बदला, भांडं ब्रशने घासा. शेवाळी, विष्ठेने माखलेल्या भांड्यातून आजार एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातात. मोठ्या काचेच्या खिडकीसमोर भांडं ठेवायचं तर एक मीटरच्या आत ठेवा किंवा दहा मीटरपलीकडे. मधल्या अंतरात पक्षी पूर्ण वेगात येऊन काचेवर आदळतो.