चौकातील फाशी आणि तिचे ‘विज्ञान’: एका व्हिडिओला उत्तर

सांगली, मिरज, विट्यापासून कराड-साताऱ्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक व्हिडिओ फिरतो आहे. त्यात मेंदूची रंगीत चित्रे आहेत, पांढरा कोट घातलेली एक व्यक्ती आहे आणि खणखणीत आवाजातले निवेदन आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फाशीमुळे खून घटतात हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, मेंदूच्या स्कॅनमध्ये गुन्हेगार ओळखू येतो, त्यामुळे वर्षानुवर्षे खटले चालवण्याची गरज नाही, मुलांवरील अत्याचाराला कायद्यात फाशीची तरतूदच नाही, अत्याचार करणाऱ्याला भर चौकात फाशी दिली पाहिजे, आणि गुन्हेगार जन्मतःच तसा असल्याने तो कधीही सुधारत नाही. हा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांत मुलींचे आईवडील आहेत, शिक्षक आहेत. त्यांची चीड रास्त आहे, आणि म्हणूनच तिला खोट्या विज्ञानाचा टेकू दिला जावा याचे मला अधिक वाईट वाटते.

पहिला दावा फाशीच्या धाकाचा. कोणत्या शास्त्रज्ञांनी, कोणत्या वर्षी, कोणत्या नियतकालिकात हे सिद्ध केले, यांपैकी एकही गोष्ट व्हिडिओत सांगितलेली नाही. प्रत्यक्षात अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने या विषयावरचे तीन दशकांहून अधिक काळातील अभ्यास तपासले आणि २०१२ साली आपला अहवाल दिला. फाशीमुळे खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी कोणतीही गोष्ट या अभ्यासांवरून सांगता येत नाही, आणि म्हणून धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ साली दिलेल्या २६२व्या अहवालातही, जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असतो याला पुरावा नाही, असेच म्हटले आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली.

देशातील आकडे तर व्हिडिओच्या विरोधात जातात. १९९२ साली दर लाख लोकसंख्येमागे ४.६ खून होत असत. २०२२ साली हे प्रमाण २.१ वर आले. २००० ते २०२० या काळात भारतात केवळ आठ जणांना प्रत्यक्ष फाशी देण्यात आली. अर्थात यावरून ‘फाशी थांबवली की खून घटतात’ असे कोणी म्हणू लागले, तर तेही तितकेच चुकीचे ठरेल, कारण खुनांचे प्रमाण लोकसंख्येतील तरुणांचा वाटा, दारू, जमिनीचे वाद, पोलिसांचे काम अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. दोन आकडे शेजारी ठेवून एकाला दुसऱ्याचे कारण ठरवणे, हीच तर अशा व्हिडिओंची नेहमीची युक्ती आहे.

शिक्षेच्या कठोरतेपेक्षा ती चुकणार नाही याची खात्री अधिक परिणाम करते, हे इटलीतील विचारवंत बेकारियाने १७६४ सालीच मांडले होते आणि पुढील संशोधनाचा कलही त्याच बाजूला आहे. आपण कमी पडतो ते नेमके याच ठिकाणी. २०२२ साली बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागला, त्यांपैकी सुमारे २७ टक्के खटल्यांतच दोष सिद्ध झाला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि खटल्याचा निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे पुराव्याअभावी सुटले. खुनाला फाशीची तरतूद त्या संपूर्ण काळात कायद्यात होतीच. जवळपास अकरा वर्षे गेली ती तपासात आणि पुराव्यात. पोलीस ठाण्यांत पुरेसे तपास अधिकारी, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे वेळेवर अहवाल, साक्षीदारांना संरक्षण या मागण्या चौकातील फाशीइतक्या रोमहर्षक नाहीत, पण आपल्या मुलाबाळांची सुरक्षितता त्यांच्यावरच अवलंबून आहे.

दुसरा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्याच्यासोबत चित्रे आहेत. मेंदूच्या चित्रातील लाल ठिपका म्हणजे विचार नव्हे. एफएमआरआय यंत्र मेंदूतील रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणातील बारीक बदल टिपते आणि संगणक संख्याशास्त्रीय गणिताने त्या बदलांना रंग देतो. हे गणित ढिले ठेवले तर काय होते, हे २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले: त्यांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि त्याच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली. ज्या पद्धतीने मेलेला मासा विचार करताना दिसू शकतो, तिच्या आधारे जिवंत माणसाला दोषी ठरवा असे हा व्हिडिओ सांगतो.

आपल्या राज्याला याचा अनुभव आहे. मेंदूतील विद्युत लहरी मोजून ‘आठवण’ शोधण्याच्या चाचणीचा आधार घेऊन २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात दोष सिद्ध मानला. त्याच वर्षी निमहान्स या बंगळुरूतील मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीवर उतरत नसल्याचे सांगितले. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की नार्को (औषध देऊन बोलते करणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र) किंवा मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही.

‘मग खटला कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यातील एका प्रकरणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली भटक्या समाजातील सहा जणांना फाशीच योग्य ठरवली आणि त्याच न्यायालयाने २०१९ साली त्या सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. तोवर त्यांनी सुमारे सोळा वर्षे तुरुंगात काढली होती. सर्व पायऱ्या चढूनही एवढी चूक होते, तर व्हॉट्सॲपवरच्या निकालात काय होत असेल? सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने मारहाण केली. ते बचावले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच संशयावरून जमावाने मारहाण केलेले पाच जण बचावले नाहीत. त्या वर्षी देशभर मोटारसायकलवरून मूल पळवण्याचा जो व्हिडिओ फिरत होता, तो कराचीतील एका जनजागृती मोहिमेचा होता. मूल परत आणून सोडण्याचा आणि पालकांनी सावध राहावे असे सांगणारा फलक दाखवण्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

भर चौकातील फाशीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात दिलेला तसा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रोखला आणि अशी फाशी राज्यघटनेच्या अनुच्छेद २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग ठरेल असे स्पष्ट केले. इंग्लंडने जाहीर फाशी १८६८ सालीच बंद केली.

मुलांवरील अत्याचाराला फाशीची तरतूदच नाही, हे व्हिडिओतील विधान सरळ खोटे आहे. बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा २०१८ पासून कायद्यात आहे. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी किंवा शिकवणीचा सर फासावर जाईल या भीतीने घरातली माणसेच मुलीला गप्प बसवण्याची शक्यता वाढते. शिवाय बलात्काराला आणि खुनाला सारखीच शिक्षा असेल, तर एकमेव साक्षीदार असलेल्या त्या मुलीला जिवंत सोडण्याचे कारण गुन्हेगारापाशी उरत नाही. दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर कायद्यात बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली, देशभर संताप उसळलेला असतानाही, बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही.

शेवटचा दावा, गुन्हेगार कधीही सुधारत नाही, हा. हे सांगणारा व्हिडिओ सांगली जिल्ह्यात फिरावा याचे आश्चर्य वाटते, कारण आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना वसाहतीत राहून शेती करू देण्याचा प्रयोग सुरू केला. ही वसाहत पुढे राज्याच्या कारागृह विभागाने चालवली आणि तेथे कैदी कुटुंबासह राहिले. प्रत्येकाला तेथे पाठवता येत नाही. वर्तन पाहून मोजक्याच कैद्यांची निवड होते, आणि तसेच व्हायला हवे. मात्र एकही गुन्हेगार सुधारत नाही, असे ज्याला म्हणायचे असेल, त्याला आधी या वसाहतीचा इतिहास खोटा ठरवावा लागेल.