'घोरणं सोडलं तर' तुम्हाला त्रास नाही?

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला राग समजला. लठ्ठपणावरचा माझा लेख भीती घालणारा आणि जाड माणसाला आळशी ठरवणारा आहे, असं तुम्ही म्हणता. वजन 98 किलो असूनही तुमची साखर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे आणि 'घोरणं सोडलं तर' काही त्रास नाही.

आधी माझी चूक. 'मनावर घेतलं की वजन उतरतंच' हे वाक्य मी लिहायलाच नको होतं. चरबीच्या पेशी लेप्टिन या संप्रेरकातून मेंदूला निरोप धाडतात, हे 1994 पासून माहीत आहे. वजन उतरलं की लेप्टिन घटतं आणि भूक खवळते. यात आळस कुठे आला? ते वाक्य काढून टाकलं आहे.

बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याला, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हा तुमचा मुद्दाही मान्य. म्हणून आता पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. मांडीवरच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची चरबी जास्त घातक. तिच्यातली मेदाम्लं थेट यकृतात जातात, तिथे चरबी साठते आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. हा ताण सुरू असताना साखरेचा रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल येऊ शकतो.

बारीक माणसालाही मधुमेह होतो, हे तुमचं म्हणणं खरंच. पण विडी-सिगारेट न ओढणाऱ्यालाही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, म्हणून सिगारेट निर्धोक ठरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुम्ही जाता जाता सांगितलेल्या घोरण्याची. मानेत, जिभेत चरबी साठली की झोपेत श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो. रात्रीतून हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. रक्तदाब मात्र चढत जातो. घरच्यांना विचारा, घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच थांबतो का? सकाळी डोकं जड असतं का, गाडी चालवताना पेंग येते का? तसं असेल तर डॉक्टरांना सांगून झोपेची तपासणी करून घ्या. त्यासाठी आधी वजन उतरवायची अट नाही; मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र लगेच वापरता येतं. पुढे सहा-सात किलो उतरले तरी श्वास थांबणं बऱ्याचदा कमी होतं.

तपासणी झाली की इथे कळवाल का?