कार्टर कार्बोरेटर भंगारात घालू नका: जीपवाल्यांच्या एका मेसेजला उत्तर

जुन्या जीप सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: “दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा कार्टर कार्बोरेटर म्हणजे डोकेदुखी. पितळी पट्टी पडली असेल तर तो कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. गाडी मिसिंग करते ती त्याच्यामुळेच. ॲसिडमध्ये रात्रभर ठेवा, फ्लोट वाकवून पेट्रोल वाढवा, इथेनॉलचं पेट्रोल आलंय म्हणून जेटला एक नंबर मोठं ड्रिल मारा. पार्ट भारतात मिळत नाहीत. नाहीच जमलं तर मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवा, ॲव्हरेज डबल.”

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. त्यातले ॲसिडचा, फ्लोटचा आणि ड्रिलचा असे तीन सल्ले तर ऐंशी वर्षं टिकलेला भाग एका दुपारात बाद करू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या वाटीत पेट्रोल साठतं, वाटीतला तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो आणि जेटचं बारीक भोक पेट्रोल मोजून सोडतं.

“पट्टी गेली की ओळख गेली.”

आधी पट्टीबद्दल. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकाळातल्या दोन्ही जीपना (अमेरिकी लष्कराच्या कागदोपत्री हा पाव टनाचा ट्रक) सेंट लुईसच्या कार्टर कंपनीचा एकच कार्बोरेटर होता: डब्ल्यूओ, नंबर ५३९एस. फोर्डने आपल्या गाडीच्या बारीकसारीक भागांवर ‘एफ’ अक्षर उमटवलं, पण कार्बोरेटर कार्टरचाच. दोन्ही कारखान्यांतून मिळून सहा लाखांहून जास्त जीप बाहेर पडल्या, म्हणजे हा काही दुर्मीळ, गूढ नमुना नाही. ५३९एस हा आकडा वरच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली अडकवलेल्या पितळी पट्टीवर असायचा. कधीतरी कुणीतरी झाकण उघडलं, पट्टी खाली पडली, हरवली. बहुतेक गाड्यांची हीच कथा.

पण पट्टी असली म्हणजे सगळं ठरलं असंही नाही. नव्या छापलेल्या पट्ट्या विकत मिळतात आणि त्या कुठल्याही कार्बोरेटरवर बसतात. अंगावर ओतीव उठून दिसणारा आकडा वाचून “हाच मॉडेल नंबर” म्हणणारेही पुष्कळ आहेत. तो ओतकामाचा नंबर असतो आणि एकच ओतीव अंग वेगवेगळ्या मॉडेलांना वापरलेलं असू शकतं. खरी ओळख अंगरचनेवरून होते.

सुरुवात इंजिनापासून करा. आपल्याकडे हे फार गरजेचं आहे, कारण महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रात युद्धातल्या जीपच्या सांगाड्यात नंतरची इंजिनं सर्रास बसवली गेली. कार्बोरेटर वेगळ्या इनटेक मॅनिफोल्डवर (मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीवर), इंजिनाच्या बाजूला बसलेला असेल तर ते एल-हेड इंजिन, म्हणजे युद्धकाळातला नमुना. थेट सिलिंडर हेडवरच बसलेला असेल तर ते एफ-हेड, म्हणजे युद्धानंतरच्या सीजे-३बी जीपचं आणि तिच्या नंतरचं. एफ-हेडवर डब्ल्यूओ शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे कार्टरचंच वायएफ हे वेगळं मॉडेल असतं.

मग पंप बघा. डब्ल्यूओमध्ये ॲक्सिलरेटर पंपाला (ॲक्सिलरेटर दाबताच जास्तीचं पेट्रोल सोडणाऱ्या पंपाला) चामड्याची वाटी लावलेला प्लंजर असतो. वायएफमध्ये त्या जागी डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा असतो. १९५० नंतरच्या लष्करी एम-३८ जीपवर कार्टरचा वायएस आला. पाण्यातून गाडी नेता यावी म्हणून तो पूर्ण बंदिस्त केलेला आहे. तो एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. आता जेटकडे. डब्ल्यूओच्या मुख्य जेटमध्ये एक बारीक रॉड उतरलेला असतो, थ्रॉटलला (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेला) जोडलेला, टोकाकडे बारीक होत गेलेला. हा मीटरिंग रॉड. तो नसेल आणि जेटवर १२० किंवा १२५ असे आकडे कोरलेले असतील तर तुमच्या हातात सोलेक्स, म्हणजे दुसऱ्याच बनावटीचा कार्बोरेटर आहे. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. आपल्याकडच्या कितीतरी ‘ओरिजिनल’ जीपवर प्रत्यक्षात सोलेक्सच बसलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त कार्टरचं माप सोलेक्सला लावू नका.

“गाडी मिसिंग करते ती कार्बोरेटरमुळेच.”

कार्बोरेटर खोलण्याआधी इग्निशनच्या पॉइंटचा गॅप वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) आहे का, प्लगचा तीस थाऊ आहे का, कंडेन्सर ठीक आहे का आणि चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आहे का, हे बघा. मग मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट इंजिन स्लोवर, म्हणजे सहाशेच्या आसपास आरपीएमला, मुंबईत साधारण १८ ते २० इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. उंचीबरोबर हे वाचन दर हजार फुटांना सुमारे एक इंच उतरतं. पुण्यात दोनेक इंच कमी दिसले, महाबळेश्वरला चार-साडेचार कमी दिसले, तर तो दोष नव्हे. काटा ठरावीक लयीत झटके देत असेल तर बहुधा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि ते दुखणं कार्बोरेटर साफ करून जाणार नाही.

“ॲसिडमध्ये रात्रभर ठेवा.”

हे वाक्य वाचून मला खरोखर वाईट वाटतं, कारण याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. वाटीचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव आहे. जस्त आम्लातही विरघळतं आणि कॉस्टिकसारख्या अल्कलीतही. म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड जितकं वाईट, तितकाच कॉस्टिक सोडाही. सकाळी अंग चकचकीत दिसतं, पण वाटीची कड खाल्लेली असते, पॅकिंग बसायची सपाटी खडबडीत झालेली असते आणि आतल्या वाहिन्यांचा आकार बदललेला असतो. लेथवर नवं अंग बनत नाही.

रॉकेल किंवा कार्बोरेटर क्लीनर, मऊ ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा, एवढ्यात काम होतं. चामड्याची वाटी, पॅकिंग आणि फ्लोट आधी बाहेर काढा. हवा उलट दिशेनेही मारा. जेटमध्ये क्लच वायरची तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेचा एक ओरखडासुद्धा माप बदलतो. अडकलेलं निघत नसेल तर भिजवून वाट पाहा. स्लोचा जेट आणि त्याच्यापुढची बारीक छिद्रं यांत सर्वांत जास्त घाण असते. पेट्रोल दोन-चार वर्षं आत सुकलेली गाडी चोक ओढल्याशिवाय स्लोवर राहत नाही, ती याच छिद्रांमुळे.

“फ्लोट वाकवून पेट्रोल वाढवा.”

फ्लोटची उंची शक्ती वाढवण्यासाठी नसते. वाटीत पेट्रोल कुठपर्यंत उभं राहावं, एवढंच ती ठरवते. डब्ल्यूओ ५३९एसला झाकण उलटं धरून, पॅकिंग काढून, झाकणाची सपाटी आणि फ्लोट यांच्यात ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर अंतर हवं. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू मध्ये सरकवून मापा. अंतर कमी केलं की वाटीतलं पेट्रोल वर चढतं. सपाट रस्त्यावर कदाचित कळणारही नाही, पण घाटात गाडी नाक वर करून उभी राहिली की पेट्रोल नॉझलमधून मॅनिफोल्डमध्ये सांडायला लागतं. बंद पडलेली गाडी मग गरम असताना सुरू होत नाही, आणि लोक म्हणतात, “कार्टर ओव्हरफ्लो होतो.”

माप बदलायचंच असेल तर नीडलला (पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईला) टेकणारी फ्लोटची छोटी जीभ वाकवा, तीही नीडलवर दाब न देता. आणि ओव्हरफ्लोची खरी कारणं आधी तपासा. नीडल-सीटमध्ये कचरा आहे का? फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे आले तर त्याला भोक आहे. डाग देताना कथील कमीत कमी लावा, नाहीतर फ्लोट जड होतो. कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला आहे का? मूळ यांत्रिक पंपाचा दाब अगदी कमी असतो. आधुनिक पंप त्याच्या कितीतरी पट दाबाने नीडल ढकलून उघडतो. अशा वेळी प्रेशर रेग्युलेटर लावायचा.

“इथेनॉलसाठी जेटला ड्रिल मारा.”

या सल्ल्यात थोडं सत्य आहे, म्हणून तो जास्त पसरतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला म्हणून साडेतेराच्या आसपास लागते. जेट जुन्याच मापाचा राहिला तर मिश्रण साधारण आठ टक्क्यांनी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इथपर्यंत खरं.

पण कार्टरच्या जेटमध्ये रॉड आहे हे मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही. पेट्रोल जातं ते भोक आणि रॉड यांच्यामधल्या कड्याएवढ्या फटीतून. हिशेबाला सोपे आकडे धरू: भोक २.५ मिलिमीटर, रॉड २. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणजे फट ६.२५ उणे ४, बरोबर २.२५. आता भोक फक्त एक दशांश मिलिमीटरने वाढवून २.६ करा: ६.७६ उणे ४, बरोबर २.७६. हवे होते आठ टक्के, पेट्रोल वाढलं जवळजवळ तेवीस टक्के! प्लग काळे, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जाणार, धूर, आणि ॲव्हरेज कोसळणार. शिवाय भोक परत लहान करता येत नाही.

आठ टक्क्यांचा फरक जाणवतो का, ते आधी बघा. सरळ रस्त्यावर एका वेगात चालवताना चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण खरंच पातळ आहे. काही फरक पडला नाही किंवा गाडी जड झाली, तर जेटला हात लावायचं कारण नाही. मूळ कारखान्याच्या मापात मिश्रण पुरेसं घट्ट, म्हणजे पेट्रोल थोडं जास्तच होतं. थ्रॉटलच्या शाफ्टमधून हवा शिरत नसेल तर बऱ्याच गाड्या तशाच नीट चालतात. तरीही लागलंच, तर पितळेचा दुसरा जेट लेथवर करून घ्या आणि मूळ जेट पुडीत बांधून ठेवा.

इथेनॉलचा खरा त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम आणि बुचाची पॅकिंग त्याने फुगतात, मऊ पडतात. ते आधी बदला. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. कोकणात पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. पंपाच्या काचेच्या वाटीत तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. जस्तावरची पांढरी भुकटी त्यानेच येते.

“पार्ट भारतात मिळत नाहीत.”

कार्टरचा सेंट लुईसचा कारखाना १९८४ साली बंद झाला हे खरं. पण डब्ल्यूओची किट, म्हणजे नीडल-सीट, प्लंजर, पॅकिंग, आजही बनतात आणि मागवता येतात. जे किटमध्ये येत नाही ते म्हणजे थ्रॉटल शाफ्टची झीज, आणि नेमकं तेच आपल्याकडे उत्तम होतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. स्लो क्षणभर सुधारला तर तिथून हवा आत शिरते आहे. मग खालचं अंग घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला चांगल्या लेथवाल्याकडे जा. शाफ्टचं भोक रीम करून (घासून मोठं करून) पितळी बुश ठोकायचा, नव्या शाफ्टला जेमतेम एक-दोन थाऊ मोकळीक ठेवायची. फुलपाखरू (थ्रॉटलची फिरती चकती) परत बसवताना थ्रॉटल बंद धरून स्क्रू आवळा, म्हणजे ते मध्यभागी बसतं. शाफ्ट बदलल्यावर मीटरिंग रॉडची उंची पुन्हा जुळवावीच लागते. बहुतेक मेस्त्री इथे थांबतात आणि गाडी पुढे कायम पेट्रोल पीत राहते. आणि स्क्रू अमेरिकी आट्यांचे आहेत. मेट्रिक स्क्रू जोर लावून घातला की जस्तातले आटे गेले.

“मारुती ८०० चा बसवा, ॲव्हरेज डबल.”

जीपचं इंजिन २,१९९ सीसीचं, मारुतीचं ७९६. जीप ४,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ४,४०० लिटर हवा मागते. मारुतीचं इंजिन ५,५०० ला बावीसशेच्या आत. म्हणजे निम्म्या हवेसाठी घडवलेला कार्बोरेटर. गाडी सुरू होईल, गावात फिरेलही. पण घाटात भरल्या गाडीने थ्रॉटल पूर्ण उघडला की इंजिनाचा गळा आवळला जातो. जेट जीपला जुळवलेले नसतील तर मिश्रण पातळ पडून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते. ॲव्हरेजचं म्हणाल, तर लष्कराने या गाडीचा पल्ला पंधरा अमेरिकी गॅलनच्या टाकीवर ३०० मैल धरला होता, लिटरला साडेआठ किलोमीटर. उभ्या काचेच्या, कमी गिअरच्या या गाडीला कुठलाही कार्बोरेटर सतरा देणार नाही.

ज्यांना रोज गाडी चालवायची आहे आणि कार्टर सध्या दुरुस्त होण्यासारखा नाही, त्यांनी जीपसाठीच जुळवलेला सोलेक्स बसवावा. तो प्रामाणिकपणे काम करतो. त्याची पेट्रोलची पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरने बदलते, फ्लोट वाकवून नव्हे. काढलेला कार्टर मात्र विकू नका. सुकवून, सगळे स्क्रू आणि लिंकेज त्याच्याबरोबर बांधून, हलकं ऑइल लावून डब्यात ठेवा, आणि डब्यावर कुठल्या इंजिनावरून काढला ते लिहा.